आयफेल टॉवर वाचवणारा फौजी

पॅरिसला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या स्टेटसवर आयफेल टॉवर असतोच. पण हा टॉवर मुळात वीसच वर्षं उभा राहणार होता, हे तुम्हाला माहितीये? १८८९च्या प्रदर्शनासाठी तो बांधला गेला. मुदत संपली की तो पॅरिस शहराच्या ताब्यात जाणार होता आणि शहराला नको असेल तर पाडला जाणार होता. तो वाचला, याचं बरंचसं श्रेय जातं गुस्ताव्ह फेरिए या फौजी इंजिनीअरला. आणि टॉवर वाचवणं हे त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं कामही नाही.

फेरिए यांचा जन्म १८६८चा, फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय भागातला. पॅरिसच्या नामांकित एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकून ते सैन्यात इंजिनीअर झाले आणि तारायंत्र विभागात रमले. १८९९मध्ये मार्कोनीने इंग्लिश खाडीपलीकडे बिनतारी संदेश पाठवला, तेव्हा फेरिए तो प्रयोग जवळून पाहत होते. पुढे त्यांनी याच तंत्रात स्वतःला झोकून दिलं.

बिनतारी संदेश लांब पोचवायचा तर अँटेना उंच हवी, आणि पॅरिसमध्ये आयफेलपेक्षा उंच काय होतं? टॉवरचं पुढे काय होणार या काळजीत असलेल्या गुस्ताव्ह आयफेल यांनी टॉवर तर दिलाच, वर प्रयोगांचा खर्चही उचलला. १९०४पासून टॉवरच्या पायथ्याशी लाकडी खोपट्यांत फेरिए यांचं केंद्र सुरू झालं. काही वर्षांत इथले संदेश हजारो किलोमीटरवर पोचू लागले. इतक्या कामाची वस्तू पाडणार कोण? टॉवरला मुदतवाढ मिळाली.

१९१०पासून याच टॉवरवरून अचूक वेळेचे संकेत जाऊ लागले. वेळेत काय एवढं, असं वाटेल. पण समुद्रावर आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे घड्याळावरूनच काढावं लागायचं. घड्याळ फक्त चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा जवळजवळ दोन किलोमीटरने चुकते. आता भर समुद्रातला कप्तान पॅरिसच्या संकेतावर घड्याळ लावू शकत होता. तुमच्या मोबाइलमधलं जीपीएससुद्धा रेडिओवरून आलेल्या अचूक वेळेवरच चालतं, बरं का!

ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने सरकू लागल्या. पॅरिस पडलं तर टॉवरही जाणार आणि मित्रदेश रशियाशी बोलायचं साधनही. फेरिए यांनी वाट पाहिली नाही. दूर सैगोनला जायला निघालेली केंद्राची यंत्रसामग्री त्यांनी लियॉनकडे वळवली आणि काही आठवड्यांत तिथे दुसरं केंद्र उभं करून घेतलं. पॅरिस पडलं नाही, पण बॅकअप तयार होता.

याच धामधुमीत एक विचित्र पाहुणा आला. पोल पिशों. फ्रेंच सैन्यातून पळून गेलेला आणि नंतर जर्मन रेडिओ कंपनी टेलिफुंकनमध्ये नोकरी करणारा माणूस. अमेरिकेहून परतताना युद्ध पेटल्याचं कळलं आणि तो थेट फ्रान्सला आला. त्याला अटक झाली. पण त्याच्या सामानात अमेरिकन ऑडियन ट्यूब होत्या, क्षीण संकेत मोठा करणाऱ्या. नियमाने जायचं तर हा पळपुटा, शिवाय शत्रूच्या कंपनीतला. फेरिए यांनी त्याला तुरुंगात सडू न देता ट्यूबसह पॅरिसला बोलावून घेतलं.

ऑडियनमध्ये मोठी गोची होती. आतली निर्वात पोकळी कच्ची, त्यामुळे प्रत्येक ट्यूब वेगळी वागायची. मोजक्या नगांवर प्रयोगशाळा चालते, आघाडी नाही. फेरिए यांनी भौतिकशास्त्रज्ञ आंरी अब्राहाम यांना लियॉनला पाठवलं, ग्रामों कंपनीच्या बल्बच्या कारखान्यात. कारण साधं होतं. काच, तार आणि हवा काढून घेण्याचं कसब बल्बवाल्यांकडे आधीपासून होतं.

१९१५च्या सुरुवातीला ट्यूब बनू लागल्या. चालायच्याही. पण खंदकांपर्यंतच्या प्रवासात फुटायच्या! कारखान्यात पास झालेली ट्यूब सैनिकाच्या हातात पोचेपर्यंत निकामी. शत्रू समोर असताना असा रेडिओ म्हणजे नुसतं ओझं. फेरिए यांनी दुरुस्तीचा आदेश दिला. कारखान्यातल्या पेरी आणि बिगे यांनी आतले भाग उभ्याऐवजी आडवे बसवले, दोन्ही बाजूंनी आधार दिला आणि रचना दणकट झाली. खाली चार पिना, त्याही असमान अंतरावर, म्हणजे ट्यूब चुकीची बसवायचा प्रश्नच नाही. जळालेली काढा, नवी खोचा, काम सुरू.

या ट्यूबचं नाव टीएम, म्हणजे फ्रेंचमध्ये लष्करी तारायंत्र. एक कारखाना पुरेना म्हणून दुसऱ्यालाही काम दिलं गेलं. युद्धकाळात लाखाहून जास्त ट्यूब बनल्या. खंदकात, विमानात, तोफखान्याच्या ठाण्यावर, सगळीकडे तीच ट्यूब. ब्रिटनने तिच्याच धर्तीवर आपली ट्यूब काढली. १९१७मध्ये अमेरिकन फौजा फ्रान्समध्ये उतरल्या, तेव्हा त्यांनीही फ्रेंच रेडिओ सामग्री वापरली. ट्यूबची मूळ कल्पना अमेरिकेचीच होती, हे विसरू नका!

युद्धानंतर फेरिए जनरल झाले, विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. आयफेल टॉवरवरून सामान्य लोकांसाठी रेडिओ कार्यक्रम सुरू झाले. १९२६मध्ये जगभरच्या वेधशाळांनी रेडिओ संकेतांच्या मदतीने रेखांश नव्याने मोजले, त्या मोहिमेमागेही फेरिए होते. निवृत्तीचं वय आलं तेव्हा त्यांना सेवेत ठेवण्यासाठी खास कायदा केला गेला. १९३२मध्ये एका ऑपरेशननंतर पॅरिसच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

गंमत बघा, ट्यूबचा शोध फेरिए यांनी लावलेला नव्हता. ती सारखी बनेल का, न फुटता पोचेल का, जळाली तर दुसरी हाताशी असेल का, एवढेच त्यांचे प्रश्न होते. उद्या तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट एक्स्टर्नलसमोर एकदाचा चालला की आनंद जरूर साजरा करा. मग पुढची पायरी म्हणून तोच प्रोजेक्ट खोक्यात घालून एसटीने गावाला पाठवा. तिथे उतरल्यावरही चालला, तर खरं.