टिकटिकीचा धनी

गिरगावातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मूळचे गोव्याचे एक सर राहत. मी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला जात असे. त्यांच्या टेबलावर लाकडी मनोऱ्यासारखी एक पेटी होती. चावी दिली की तिच्यातला दांडा डावी-उजवीकडे डोलू लागे आणि टिक्‌टिक्‌ सुरू होई. सर दांड्यावरचे वजन ६०च्या खुणेवर ठेवत, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. धडा तीन वेळा बिनचूक वाजला की वजन एक घर खाली, लय थोडी चढी. सोपी जागा आली की मी पळे, अवघड आली की रेंगाळे, आणि दोन्ही वेळा मला वाटे की यंत्रच चुकते आहे. एकदा मी तसे बोलूनही दाखवले. सरांनी कान देऊन ऐकले. चाळीची जमीन एका अंगाला उतरती होती आणि मेट्रोनोम तिरका बसला की त्याचा ठोका लंगडतो. सरांनी पेटीच्या पायाखाली काड्यापेटी सरकवली, ठोका सरळ झाला, आणि मला पुन्हा वाजवायला सांगितले. मी पुन्हा पळालो.

त्या पेटीवर एक पितळी पट्टी होती आणि तिच्यावर नाव होते मेल्झेल यांचे. ज्याने माझ्या संध्याकाळी नासवल्या तो गृहस्थ घड्याळाच्या काट्यावर चालणारा, शिस्तीचा पुतळा असणार अशी माझी खात्री होती. पुढे त्याचे चरित्र हाती लागले तेव्हा थक्क झालो. इतका बेताल माणूस शोधून सापडायचा नाही!

योहान नेपोमुक मेल्झेलचा जन्म १७७२ सालचा, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा. वडील ऑर्गन बांधणारे. १७९२मध्ये तो व्हिएन्नाला आला. हात कुशल, पण त्याहून तल्लख होती ती तमासगिराची नजर. एकट्याने अख्ख्या बँडचा आवाज काढणारे ‘पॅनहार्मोनिकॉन’ नावाचे धूड त्याने बनवले. बुद्धिबळ खेळणारा प्रसिद्ध ‘तुर्क’ त्याने बनवला नव्हता, तो केम्पेलेनचा. केम्पेलेन १८०४मध्ये वारल्यावर मेल्झेलने तो विकत घेतला आणि १८०९मध्ये नेपोलियनसमोर नेऊन बसवला. तुर्काच्या पेटीत एक जिवंत खेळाडू अंग चोरून बसलेला असे, हे मेल्झेलने शेवटपर्यंत लोकांना कळू दिले नाही.

बीथोव्हेनशी त्याची दोस्ती याच काळातली. बीथोव्हेनचे कान जात चालले होते. मेल्झेलने त्याला कानाला लावायचे कर्णे करून दिले. पॅनहार्मोनिकॉनसाठी वेलिंग्टनच्या विजयावर रचना कर, ही कल्पनाही मेल्झेलचीच. ८ डिसेंबर १८१३ रोजी ती वाद्यवृंदाकडून वाजली, त्याच मैफलीत सातवी सिंफनी पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि लगेचच रचनेच्या मालकीवरून दोघे भांडले. मेल्झेलने ती म्युनिकमध्ये परस्पर वाजवली. बीथोव्हेन कोर्टात गेला.

आता मूळ मुद्दा. साध्या लंबकाला सेकंदाला एक ठोका द्यायचा तर जवळजवळ एक मीटर लांबी लागते, आणि मिनिटाला चाळीस ठोक्यांसाठी सव्वादोन मीटर. एवढे लटकन घरात टांगणार कुठे? ॲमस्टरडॅममधल्या डीट्रिख विंकेलने १८१४मध्ये तोड काढली: दांडा मध्ये टेकवायचा, जड वजन खाली आणि सरकते वजन वर. दोन्ही वजने एकमेकांना अडवतात, म्हणून वीतभर दांडाही सावकाश डोलतो. मेल्झेलने ते पाहिले, विकत मागितले. विंकेलने नकार दिला. मेल्झेलने आकड्यांची पट्टी जोडली, १८१५मध्ये पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये कारखाना काढला. पुढे हॉलंडमध्ये चौकशी होऊन निकाल विंकेलच्या बाजूने लागला. पण तोवर नाव जगभर गेले होते ते मेल्झेलचे. मला विचाराल तर ही सरळ चोरी होती. मात्र विंकेलच्या लंबकाला पट्टी नव्हती, आणि पट्टीशिवाय एका गावची लय दुसऱ्या गावी पोस्टाने पाठवता आली नसती, हेही खरे.

बीथोव्हेनला हे बरोबर उमगले. १८१७मध्ये दोघांनी खटल्याचा खर्च निम्मा-निम्मा वाटून समेट केला आणि त्याच वर्षी बीथोव्हेनने आपल्या आठ सिंफन्यांचे मेट्रोनोमचे आकडे छापून प्रसिद्ध केले. ज्याला आपले संगीत वाजताना नीट ऐकू येत नव्हते, त्याला ते कसे चालावे हे तरी कायमचे बांधून ठेवायचे होते. त्यातले काही आकडे इतके चढे आहेत की वादक अजून त्यावरून वाद घालतात. यंत्रच बिघडलेले असणार, असेही काहीजण म्हणतात. मला अर्थातच आमची काड्यापेटी आठवते.

आपल्या विलंबित ख्यालाला हे यंत्र पुरणारे नाही. तिथली मात्रा चाळीसच्याही खाली उतरते, आणि ठेका देणारा तबलजी गवयाचा श्वास ओळखून किंचित मागेपुढे होतो. पण हात बसवायच्या वयात बाजू न घेणारा साथीदार लागतो, हे मी खूप उशिरा मान्य केले.

मेल्झेलचे मात्र कर्जाशी काही जमले नाही. १८२५मध्ये तो तुर्काला घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसला. तिथे गावोगाव खेळ लावले. १८३६मध्ये एडगर ॲलन पोने त्याच्या तुर्कावर लेख लिहून पेटीत माणूसच असणार असा तर्क मांडला. १८३८मध्ये क्यूबाच्या दौऱ्यावर पेटीत बसणारा श्लुम्बर्गर पीतज्वराने गेला. माणसाविना तुर्क मुका! त्याच जुलैत हवानाहून परतताना मेल्झेल जहाजावरच वारला आणि चार्ल्सटनजवळ त्याला समुद्रात सोडण्यात आले. तुर्क १८५४मध्ये फिलाडेल्फियाच्या आगीत जळाला.

सरांची पेटी आता माझ्याकडे आहे. माझ्या फ्लॅटची फरशी सपाट आहे. परवा रात्री वजन साठावर ठेवून जुना धडा काढला. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला, जागा सोपी होताच, मी पळालो.