कलामहर्षी बाबूराव पेंटर : आवाजाशिवाय बोलणारा सिनेमा

पडद्यावर माणसं दिसतात, पण आवाजच नाही. मग गोष्ट कळेल का? मुलांना विचारून बघा, बरीच मुलं नाही म्हणतील. त्यांना बाबूराव पेंटर यांची ओळख जरूर करून द्या.

बाबूराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणं कारागिरांचं. कुठल्याही कलाशाळेत न जाता ते चित्रं आणि मूर्ती करायला शिकले. नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटरच म्हणू लागले. आतेभाऊ-मामेभावांसारखे जिवलग असलेले नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तरी बाबूराव खचले नाहीत, कॅमेरा पूर्ण केलाच. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट आला. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत, त्या काळात यात स्त्रियांनी काम केलं.

तेव्हा बहुतेक चित्रपट देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे असत. बाबूरावांनी मात्र १९२५ मध्ये ना. ह. आपटे यांच्या कथेवर 'सावकारी पाश' काढला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकऱ्याला शहरात गिरणीची वाट धरावी लागते, अशी ती गोष्ट. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. पडद्यावर एक उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं दिसायचं. आवाज नाही, पण दुःख थेट पोहोचायचं.

आपल्या परळी भागात ही गोष्ट जुनी वाटत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पटावर नाव असतं, बाकावर लेकरू नसतं. परत आल्यावर ते मागे गप्प बसतं. आपण म्हणतो, याला काही येत नाही.

अशा लेकराला चित्र काढू द्या, न बोलता अभिनय करू द्या. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. पण गप्प माणसाकडेही सांगण्यासारखं खूप असतं, हा त्यांचा धडा आपल्या वर्गात आजही लागू पडतो. तेवढं बघणारे डोळे मात्र आपल्याकडे हवेत.