जंतू सापडला, वाट सापडली नव्हती

पुण्याच्या मंडईस जोतीराव फुल्यांचे नाव आहे. नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चास त्यांनीच विरोध केला होता, ही गंमत निराळी. त्यांच्यामागे सावित्रीबाई सहा वर्षे जगल्या आणि १८९७ च्या प्लेगात दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णसेवेस उभ्या राहिल्या. काखेत, जांघेत गाठ उठली की जेथे आप्तही दूर सरत, तेथे ६६ वर्षांची ही शिक्षिका रुग्णांची शुश्रूषा करी. १० मार्च रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला होता. हाफकिनची लसही मुंबईत नुकतीच सिद्ध झाली होती. परंतु तो जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसात शिरतो, हे सिमाँने दाखविले ते १८९८ मध्ये.