मोबाईल स्टार्टरच्या शंभर वर्षं आधी : खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला, की लाईट आल्यावर मोटार सुरू करणं हे त्याचं सोपं काम. खरी परीक्षा वेगळीच असते. विहिरीतलं पाणी संपलंय, एक फेज गेलीये, नेटवर्क नाही आणि मालक परगावी लग्नाला गेलाय. अशा वेळी ते खोकं काय करतं, त्यावर मोटार जळणार की वाचणार हे ठरतं. इंजिनिअरिंगमध्ये याला रिस्क मॅनेजमेंट म्हणतात. काय बिघडू शकतं, बिघडलं तर नुकसान किती, आणि त्या क्षणी यंत्रणेने स्वतःहून काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं.

शेतीच्या पाण्याबाबत हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ करणारा माणूस तुम्हाला चांगला माहिती आहे. दर १५ सप्टेंबरला अभियंता दिनाच्या स्टेटसवर फेटा बांधलेला ज्यांचा फोटो असतो, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. बंगळुरात शिकवण्या घेत त्यांनी १८८१ मध्ये बी.ए. केलं आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ मध्ये पहिला नंबर आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची नोकरी. सुरुवातीची पोस्टिंग नाशिक आणि खानदेशातली.

खानदेशात पांझरा नदीवर त्यांनी काम केलं. त्या भागात फड पद्धत फार जुनी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाणी सोडायचं काम पाटकऱ्याकडे द्यायचं. ज्याचा त्याने हवा तसा पाट फोडायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१८९९ च्या सुमारास ते पुण्यात आले. खडकवासल्याच्या धरणातून पुणे आणि खडकीला प्यायचं पाणी जायचं, शिवाय मुठा कालव्यांवर शेती होती. या तलावाला तेव्हा लेक फाईफ म्हणत. अडचण अशी की पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं.

सांडव्याची भिंत वाढवली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण मग पुराचं पाणी त्या वाढीव भिंतीच्याही वर चढलं असतं, आणि धरण तेवढा दाब सोसण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. जास्त साठा हवा तर जास्त धोका घ्या, असा तो सौदा होता.

विश्वेश्वरय्यांनी तो सौदाच बदलला. पूर सांडव्यावर आठ फुटांपर्यंत चढायचा, म्हणजे धरण त्या पातळीचं पाणी झेलत होतंच. मग सांडव्यावर असे दरवाजे बसवायचे, की एरवी ते त्या पातळीपर्यंत पाणी अडवतील आणि पूर आला की वाटेतून दूर होतील. साठा वाढेल, पण पुराची कमाल पातळी तीच राहील.

आता दरवाजा उघडणार कोण? जुलैच्या मध्यरात्री, धो धो पावसात चौकीदार पोचलाच नाही तर? म्हणून त्यांनी माणूसच या साखळीतून काढून टाकला. दरवाज्याच्या वजनाला तोल म्हणून दुसरं वजन एका हौदात टांगलेलं. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी त्या हौदात शिरतं, बुडालेलं वजन हलकं होतं, तोल जातो आणि दरवाजा उघडतो. पूर ओसरला, हौद रिकामा झाला, की वजन पुन्हा जड आणि दरवाजा बंद. बादली विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना, तेवढंच विज्ञान. सेन्सर पाणी, कंट्रोलर पाणी आणि पॉवर सप्लायसुद्धा पाणीच! ज्या गोष्टीमुळे धोका येतो, तीच गोष्ट बचाव सुरू करते. कोड लिहिणारा माणूस म्हणून मला याचा खरंच हेवा वाटतो.

हे दरवाजे १९०३ मध्ये बसले. साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, आणि पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे लागले.

मला त्यांचं दुसरं काम जास्त अवघड वाटतं, कारण त्यात माणसं होती. नीरा कालव्यावर ऊसवाले शेतकरी हवं तेवढं पाणी घ्यायचे. जास्त पाण्याने जमिनी पाणथळ व्हायच्या आणि पुढच्या गावांना थेंब मिळायचा नाही. आजही आवर्तन सुटलं की टेलच्या शेतकऱ्याला हाच अनुभव येतो. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. प्रत्येक गावात ठरावीक जमिनीचे ब्लॉक पाडायचे, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, दरवर्षी फेरपालट, आणि पाणी पाळीपाळीने. बदल्यात शेतकऱ्याला पुढच्या काही वर्षांच्या पाण्याची खात्री.

फडाची आठवण येते ना? सर्व्हरवर प्रत्येक युजरला मर्यादा घालतात, तसंच हे. कालव्याजवळच्या ऊसवाल्यांचा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. त्यांचा आजचा नफा कापून दुसऱ्याचा उद्याचा धोका कमी होत होता. विश्वेश्वरय्या त्यांच्याशी बोलत राहिले. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगासमोरही त्यांनी ही पद्धत मांडली आणि आयोगाला ती पटली. शेतीचं ॲप बनवणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडणं सोपं आहे, पण कुणाचा व्हॉल्व्ह कधी बंद ठेवायचा हे ठरवायला गावात बसावं लागतं.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहिती आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. तिथे त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

खडकवासल्याची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. १२ जुलै १९६१ ला सकाळी वरच्या बाजूचं पानशेत धरण फुटलं. मातीचं धरण, काम अपुरं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते भरलेलं. सांडव्याचा हिशोब पावसाच्या पुरासाठी असतो. वरून एक अख्खं धरण रिकामं होत येईल हे गृहीत धरलेलंच नव्हतं. खडकवासला त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही. दुपारपर्यंत तेही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्या तलावावर त्यांनी उमेदीच्या वयात काम केलं होतं तो असा रिकामा झाला, तेव्हा शंभरीच्या घरातले विश्वेश्वरय्या हयात होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. पुण्याने खडकवासला पुन्हा बांधलं, आणि मुठेचे कालवे आजही तिथूनच निघतात.