विश्लेषण : कापडगिरणीतून लॉन मोवर कसा आला? कोण होते एडविन बडिंग?

मोठ्या बागेसाठी बसून चालवायचा लॉन मोवर घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे चार प्रश्न येतात. कापणीची रुंदी किती हवी, गवत किती उंच ठेवायचे, कापलेले गवत गोळा करायचे की तिथेच पसरू द्यायचे आणि यंत्राला जोर कोण देणार, पेट्रोल की बॅटरी? बॅटरी सोडली, तर यातले काहीच नवे नाही. इंग्लंडमधील एका गिरणी मेकॅनिकने 1830 मध्ये या चारही प्रश्नांची उत्तरे लोखंडात घडवली होती. त्यांचे नाव एडविन बिअर्ड बडिंग.

त्याआधी हिरवळ कशी राखली जायची?

मेंढ्या सोडून किंवा माणसे लावून. लांब दांड्याचे वाकडे पाते दोन्ही हातांनी फिरवणारे कसबी मजूर पहाटेच कामाला लागत, कारण दवाने ओले झालेले गवत पात्याखाली नीट सापडते. ऊन चढले की ते निसटते. मजुरांच्या मागून झाडू घेऊन गवत गोळा करणारे हात वेगळे. इतके करूनही पात्याच्या फेऱ्यांच्या खुणा हिरवळीवर राहायच्या त्या राहायच्याच. साहजिकच सपाट हिरवळ ही जमीनदारांची चैन होती.

गिरणीचा आणि गवताचा संबंध काय?

बडिंग यांचा जन्म 1796 च्या सुमारास ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. तिथले स्ट्राउड खोरे उंची लोकरी कापडासाठी प्रसिद्ध. कापड विणून झाले की त्यावरची लव उभी करून ती एकसारखी छाटावी लागे. त्यासाठी गिरण्यांत एक यंत्र असे : दंडगोलावर पिळदार पाती बसवलेली, दंडगोल फिरला की ती खालच्या स्थिर पात्याला घासत जात आणि मध्ये आलेली लव कात्रीत सापडल्यासारखी कापली जाई. ही यंत्रे बनवणे आणि दुरुस्त करणे हा बडिंग यांच्या रोजच्या पोटापाण्याचा भाग होता.

कापड स्थिर राहून यंत्र पुढे सरकले तर? आणि कापडाच्या जागी जमीन असली तर? सुचायला सोपी वाटणारी ही गोष्ट त्या यंत्रासमोर रोज उभ्या राहणाऱ्या इतरांना सुचली नव्हती.

पहिले यंत्र कसे होते?

घडीव लोखंडाची चौकट, 19 इंच म्हणजे साधारण 48 सेंटिमीटर कापणीची रुंदी. मागचा जड रोलर जमिनीवर फिरला की दातेरी चाकांमार्फत पात्यांचा दंडगोल त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरे. दुसरा रोलर वरखाली करून गवताची उंची ठरवता येई. कापलेले गवत समोरच्या तबकात पडे. एकाने मागून ढकलायचे आणि गरज पडली तर दुसऱ्याने पुढून ओढायचे. गवत कोरडे असले तरी चालत असल्याने पहाटेची सक्ती संपली. चाकांचा खडखडाट मात्र बराच होता. शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून बडिंग रात्री चाचण्या घेत, असे सांगितले जाते. ती दंतकथाही असू शकेल.

पेटंटच्या मसुद्यात त्यांनी एक गमतीचा मुद्दा घातला होता. गावाकडच्या सधन गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवले, तर त्यांची करमणूक होईल आणि व्यायामही. मजुरांविषयी त्या मुद्द्यात अवाक्षर नाही. लंडनच्या रिजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत हे यंत्र वापरल्यावर तिथल्या मुकादमाने ते सहा ते आठ माणसांचे काम करते, असा निर्वाळा दिला. त्या सहा-आठ जणांना तो कसा वाटला असेल, याची नोंद कुणी ठेवली नाही.

पैसा कुणाचा, हक्क कुणाचे?

बडिंग यांच्याकडे कल्पना होती, भांडवल नव्हते. जवळच्याच थ्रप येथील फीनिक्स फाउंड्रीचे जॉन फेराबी यांनी खर्च उचलला. मे 1830 मध्ये दोघांचा करार झाला आणि यंत्र बनवण्याचे, विकण्याचे, इतरांना परवाने देण्याचे हक्क फेराबींकडे गेले. पेटंट 31 ऑगस्ट 1830 चे. दोनच वर्षांत इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवाना घेऊन उत्पादन सुरू केले.

त्या काळी पेटंट 14 वर्षे चाले, म्हणजे 1844 पर्यंत. बडिंग 1846 मध्ये वारले, वय जेमतेम पन्नास. मोवरची खरी भरभराट त्यानंतरची. 1870 च्या दशकात लॉन टेनिसची लाट आली, ती पाहायला ते नव्हते. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी डर्स्ली गावात जॉर्ज लिस्टर यांच्याकडे लोकर पिंजण्याच्या यंत्रांवर काम करण्यात घालवली. याच लिस्टर यांच्या मुलाने 1867 मध्ये काढलेल्या कंपनीची डिझेल इंजिने पुढे भारतातही आली. पिस्तूल आणि ढिला-घट्ट करता येणारा पाना, यांचे श्रेयही बडिंग यांना दिले जाते.

बसायची सोय कधी झाली?

आधी माणसाच्या जागी तट्टू आले. हिरवळीवर खुरांच्या खुणा पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामडी बूट चढवत. 1893 मध्ये इंग्लंडमध्ये वाफेच्या मोवरचे पेटंट निघाले, पण ते धूड जड आणि वाफ तयार व्हायला वेळखाऊ. 1902 मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवरचा मोवर बाजारात आणला आणि त्यावर चालकाला बसता येत होते.

मग आज काय निवडावे?

पहिला निर्णय पात्याचा. क्रिकेटची खेळपट्टी किंवा गोल्फचे ग्रीन यांसारखे अगदी आखूड, एकसारखे गवत हवे असेल, तर बडिंग यांच्या पद्धतीचा दंडगोल आजही सरस. पण त्याला जमीन सपाट हवी, कापणी वारंवार हवी आणि पात्यांना नेमकी धार हवी. एखादा खडा अडकला तरी पाते बिघडते. फार्महाउसच्या उंचसखल आवारात, पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या वाढलेल्या गवतात तो हात टेकतो. तिथे पंख्यासारखे आडवे फिरणाऱ्या पात्याचा रोटरी मोवर बरा. बसून चालवायचे बहुतेक मोवर याच जातीचे असतात.

रुंदीचा मोह आवरावा. रुंद यंत्र फेऱ्या वाचवते, पण झाडे आणि वाफ्यांमध्ये वळत नाही. खरेदीआधी फाटक आणि झाडांमधली सर्वांत अरुंद वाट टेपने मोजावी. उतार असेल तर पुस्तिकेतील मर्यादा आधी वाचावी. ती साधारण 15 अंशांच्या आसपास असते आणि ओल्या गवतावर तेवढ्यावरही भरवसा ठेवू नये.