सत्ता, सत्त्व आणि माया : झाशीच्या राणीचे आख्यान

झाशीच्या शहरपनाहीला दहा दरवाजे. ओरछा, दतिया, उन्नाव, बडागाव, भांडेर, सागर ही नावे त्या त्या दरवाजातून निघणारी वाट कोठे जाते एवढेच सांगतात. खंडेराव दरवाजाचे नाव मात्र वाटेचे नाही. बुंदेलखंडाच्या भूमीवर ते कानी पडले की मराठी मन क्षणभर जेजुरीस जाऊन येते. त्या दैवताशी या दरवाजाचा संबंध जोडण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु वाघ्या-मुरळी जागरणात खंडेरायाची जी कथा सांगतात ती या आख्यानाच्या प्रारंभी आठवावी अशीच आहे. मल्हारी हा देव खरा, राजा खरा, मणिमल्लांचा संहार करणारा योद्धाही खरा. पण जागरण रंगते ते तो बाणाईसाठी धनगराच्या वाड्यावर चाकर होऊन राहतो आणि मेंढरे राखतो तेव्हा. जो जिंकतो त्याचे सामर्थ्य सर्वांना दिसते. जो गुंततो त्याचे सामर्थ्य कोणते, हा प्रश्न जुन्या कथाकाराला अधिक मोलाचा वाटला.

मराठीत सामर्थ्याला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सत्ता दिली जाते, घेतली जाते, कागदावर लिहिली जाते. सत्त्व माणसाच्या आत असते आणि त्याची परीक्षा व्हावी लागते; हरिश्चंद्राची, तारामतीची, चांगुणेची. तिसरा शब्द माया. वेदान्तात तो भ्रमाचा वाचक असला, तरी घरच्या बोलीत त्याचा अर्थ जिव्हाळा असा आहे. राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र या तीन शब्दांच्या उजेडात पाहिले, म्हणजे ते चरित्र एकोणिसाव्या शतकातील असूनही त्याला जुन्या आख्यानाचा घाट इतक्या लवकर का लाभला, हे ध्यानात येते.

मोरोपंत तांबे व भागीरथीबाई यांची ही कन्या काशीस जन्मली. जन्मवर्षाविषयी एकमत नाही; रूढ परंपरा १८२८ धरते, कित्येक अभ्यासक १८३५ कडे झुकतात. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीआप्पा यांच्या आश्रयास होते. त्यांच्या निधनानंतर हे कुटुंब ब्रह्मावर्तास बाजीरावाकडे आले. आई लहानपणीच गेली. राज्य गमावलेल्या पेशव्याच्या त्या वाड्यात मनकर्णिका वाढली, तेव्हा सत्तेचे पहिले दर्शन तिला झाले ते सत्ता गेल्यानंतरच्या मानमरातबाच्या रूपाने. १८४२ मध्ये तिचा विवाह झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली.

गंगाधररावांना नाटकाचा षोक होता. त्यांची नाटकशाळा आणि ग्रंथसंग्रह यांची ख्याती होती. त्यांच्याविषयीची एक विलक्षण हकीकत विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी ‘माझा प्रवास’ मध्ये नोंदविली आहे. हे महाराज कधी कधी स्त्रीवेष धारण करीत, बांगड्या भरीत. गोऱ्या अधिकाऱ्याने कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, ज्या काळी इंग्रजांपुढे सर्व राजे निर्बल झाले त्या काळी राजाने बांगड्या भरण्यात अयोग्य काय? ही कथा झाशीतील लोकांच्या तोंडून भटजींपर्यंत आली असावी. तिच्या खरेपणाची छाननी करणारे करोत. बांगडी हे दुबळेपणाचे चिन्ह मानून राजा बोलतो, आणि पुढे त्याच घरातील बांगड्या उतरलेली स्त्री शस्त्र घेते, ही संगती कथा सांगणाऱ्यांच्या ध्यानात आली नसेल असे म्हणवत नाही.

१८५१ मध्ये झालेला पुत्र काही महिन्यांतच गेला. गंगाधररावांनी अंथरूण धरले. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी नात्यातील वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव यास इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतले, त्याचे नाव दामोदरराव ठेविले आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. दत्तविधान म्हणजे शब्दाने निर्माण केलेले रक्ताचे नाते. हातावर पाणी पडते, गोत्र बदलते, आणि त्या क्षणापासून ते मूल पिंडाचे अधिकारी होते, गादीचेही. परंपरेत हे दोन अधिकार वेगळे नव्हते. डलहौसीच्या सरकारने ते वेगळे केले. फेब्रुवारी १८५४ मध्ये निर्णय झाला की दामोदरराव हा गंगाधररावांच्या खाजगी संपत्तीचा वारस आहे, राज्याचा नाही. म्हणजे मुलगा श्राद्धापुरता खरा आणि सिंहासनापुरता खोटा! राणीला दरमहा पाच हजारांचे वेतन ठरले. किल्ला सोडून शहरातील वाड्यात राहणे आले. तिने अर्ज केले, वकील दिले, पूर्वीच्या तहांचे दाखले दिले. तिची ही लढाई कागदाची होती आणि ती तीत हरली. खालसा धोरणाच्या इतिहासात झाशी हे अनेकांतील एक प्रकरण आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र येथे दोन भाषांची गाठ पडलेली दिसते. एका भाषेत नाते हेच सामर्थ्याचे मूळ आहे, दुसरीत नाते ही केवळ खाजगी बाब आहे.

जून १८५७ मध्ये झाशीच्या फौजेने बंड केले. ८ जून रोजी जोखनबागेत इंग्रज पुरुष, स्त्रिया व मुले यांची कत्तल झाली. हा या चरित्रातील काळा दिवस आहे आणि राणीकडे त्याचा दोष किती, याविषयी आजतागायत मतभेद आहेत. शिपायांच्या धाकाखाली ती हतबल होती असे तिच्या त्याच महिन्यातील पत्रांवरून दिसते. सागरचा कमिशनर अर्स्किन याने सरकारी अंमल पुन्हा बसेपर्यंत तिने कारभार पाहावा असे कळविले. कागदाने गेलेली सत्ता कागदानेच परत आली, आणि वरिष्ठ सरकारने ती मान्य केली नाही.

त्या सुमारे दहा महिन्यांच्या कारभाराचे सर्वांत जिवंत चित्र एका कोकणस्थ भिक्षुकाने काढावे, हा मराठी वाङ्मयातील एक सुखद अपघात होय. वरसईचे विष्णुभट कर्जाने गांजलेल्या कुटुंबासाठी द्रव्य मिळवावे म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून चुलत्यासह उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडून झाशीस आले. त्यांना राजकारणाची जाण बेताचीच होती, पण डोळा अचूक होता. राणी महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतत असता थंडीने काकडलेल्या भिकाऱ्यांनी वाट अडविली. तिने चौकशी करून शहरातील सर्व भिकाऱ्यांना टोपी, बंडी आणि पांघरूण देवविले. ओरछ्याच्या फौजेशी झालेल्या लढाईतील जखमींच्या मलमपट्टीच्या वेळी ती स्वतः जवळ उभी राहिली. सत्तेचा उपयोग टोप्या शिवविण्यासाठी करणारी राणी भटजींच्या लेखी देवीच्या अंशाहून कमी नव्हती. या कथांत युद्ध कोठेच नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. पुढे शहर तिच्यासाठी भिंतीवर का उभे राहिले याचे उत्तर मात्र त्यांतच आहे.

मार्च १८५८ च्या अखेरच्या आठवड्यात सर ह्यू रोजच्या तोफा झाशीवर सुरू झाल्या. तात्या टोपे साहाय्यास आले, पण १ एप्रिल रोजी बेतव्याच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज तटावर चढली. त्यानंतरची कत्तल, जाळपोळ आणि लूट विष्णुभटांनी लपून बसून पाहिली. त्यांची कमाई गेली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली आणि त्याबद्दल त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आहे.

याच ठिकाणी भटजी असे एक दृश्य सांगतात की ज्याने एरवीच्या वीरचरित्राची चौकट मोडते. शहर जळताना पाहून राणीला अनावर शोक झाला. या निरपराध माणसांच्या मृत्यूला आपणच कारण झालो, या जाणिवेने तिने दारूगोळ्यात स्वतःला जाळून घेण्याचा निश्चय केला. एका वृद्ध सरदाराने तो मोडला. आत्मघाताचे पाप घेण्यापेक्षा रात्री वेढा फोडून निघावे असे त्याने सांगितले. मायेच्या सामर्थ्याचा हा दुसरा चेहरा आहे. लोकांनी जिच्यावर जीव लावला तिच्यासाठी जीव दिला, आणि ती त्यांना वाचवू शकली नाही. जागरणातला खंडेराय मारलेली मेंढरे पुन्हा जिवंत करतो. झाशीत ते झाले नाही. नंतरच्या बहुतेक चरित्रकारांनी या प्रसंगावरून घाईने पुढे जाऊन घोड्यावरची राणी गाठली; त्या घाईत चरित्राची खोली उणावली, असेच म्हणावे लागते.

४ एप्रिलच्या रात्री ती भांडेर दरवाजातून बाहेर पडली. पाठीशी दत्तक पुत्र बांधलेला. शिल्पकारांनी हे मूल तान्हे करून टाकले आहे. प्रत्यक्षात दामोदरराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. त्या वयाचे मूल पाठीवर घेऊन दौड करणे म्हणजे काय याचा विचार केला, तर पुतळ्यातील सुबकपणा थोडा खटकतो. तथापि आख्यानाला हे मूल पाठीवरच हवे होते. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’तील चांगुणा अतिथीसाठी चिलयाला उखळात घालते, तेथे सत्त्वाची कसोटी मूल देण्यात आहे. झाशीच्या कथेत ती मूल न सोडण्यात आहे. सरकारने जे नाते कागदावर तोडले होते ते लोकांनी शेल्याने बांधून सर्वांना दिसेल असे केले.

काळपीच्या वाटेवर विष्णुभटांना राणी पुन्हा भेटली. लढाईतून आलेली, धुळीने भरलेली, तहानेने व्याकूळ. विहिरीवर भटजी पाणी काढू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून तिने त्यांना थांबविले, स्वतः मडक्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्याली. आपण एक विधवा, अर्धा शेर तांदळाची धनीण. आपल्याला या खटाटोपाची गरज नव्हती, परंतु धर्माच्या अभिमानाने हे हाती घेतले आणि ईश्वर यश देत नाही, अशा आशयाचे ती बोलली. गादी, किल्ला, शहर सारे गेल्यावर उरलेली ही स्त्री आहे. रज्जूने पाणी शेंदणाऱ्या या राणीत आणि धनगराची मेंढरे राखणाऱ्या देवात फार अंतर नाही. मात्र देवाचे ते सोंग होते.

यापुढील घटना वेगाने घडल्या. मे महिन्यात काळपी पडली, १ जूनला बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतले, आणि १७ जून १८५८ रोजी (परंपरा १८ जून मानते) ग्वाल्हेरजवळ लढताना राणी पडली. तत्पूर्वी एप्रिलमध्येच मोरोपंत पकडले जाऊन फाशी गेले होते.

तिच्या कथेचे वारस अनेक झाले. बुंदेलखंडातील हरबोल्यांनी ती गाइली आणि सुभद्राकुमारी चौहानांनी आपल्या कवितेत ऋण मानले ते त्यांचेच. मराठीत दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांचे चरित्र १८९४ मध्ये आले, हिंदीत वृंदावनलाल वर्मा यांची कादंबरी १९४६ मध्ये, बंगालीत महाश्वेतादेवींचा ग्रंथ १९५६ मध्ये. वर्मांनी मोतीबाई आणि खुदाबख्श यांची प्रीती रंगविली. दोघांच्या कबरी गुलाम गौस खानाच्या कबरीसह झाशीच्या किल्ल्यात दाखविल्या जातात. कादंबरीला प्रीतीची जोडी लागते आणि राणीला ती देता येत नव्हती, म्हणून ती तोफेपाशी उभ्या असलेल्या माणसांना दिली गेली. ही योजना चतुर आहे. तरीही जुन्या कथेची माया दोघांत मावणारी नव्हती. ती एका शहराएवढी होती, हे कादंबरीपेक्षा भिक्षुकाच्या टोप्या-बंड्यांच्या हकीकतीत अधिक स्पष्ट होते.

विष्णुभट गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परतले आणि त्या उदकाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. मिळविलेले द्रव्य लुटले गेले होते. घरी पोचली ती ही कावड. आपली हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिली, पण सरकारच्या भयाने ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. दामोदरराव विश्वासू माणसांबरोबर रानोमाळ भटकून अखेर इंदुरास इंग्रजांच्या स्वाधीन झाला. तुटपुंज्या वेतनावर त्याने तेथे आयुष्य काढले. ज्या खाजगी संपत्तीचा तो कायदेशीर वारस ठरला होता तीही त्याला मिळाली नाही. तो १९०६ मध्ये वारला. ‘माझा प्रवास’ वैद्यांच्या संपादनाने त्याच्या पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, प्रसिद्ध झाला. आणि वैद्यांनी केलेले फेरफार दूर सारून मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांना मिळण्यासाठी दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले.