कंदिलाच्या उष्णतेवर रेडिओ: अब्राम इओफे

मी मूळचा लातूरकडचा, शिकलो नांदेडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी रात्री आम्हाला कंदील आणि सेलवरचा रेडिओ एवढाच आधार होता. सेल संपले की बातम्या बंद. पुढे एम.एस्सी.ला असताना कळलं, की कंदिलाच्या उष्णतेवरच रेडिओ चालवायची सोय त्याच्या चाळीस वर्षं आधी झाली होती. त्यामागचे शास्त्रज्ञ अब्राम इओफे.

त्यांचा जन्म १८८० चा, युक्रेनमधल्या रोम्नी गावचा. एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेन यांच्या हाताखाली म्युनिकला १९०५ मध्ये डॉक्टरेट केली आणि १९०६ ला ते सेंट पीटर्सबर्गला परतले. तिथे त्यांनी भौतिक-तंत्र संस्था उभी केली. कुर्चातोव्ह त्यांच्याच तालमीतले.

पदार्थाचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की व्होल्टेज तयार होतं, हा झेबेक परिणाम. धातूंत ते फारच कमी मिळतं. इन्सुलेटरमधून वीजच वाहत नाही. मधला मार्ग सेमीकंडक्टरचा, हे इओफे यांनी ओळखलं. व्होल्टेज जास्त, वीज सहज वाहणारी आणि उष्णता मात्र अडणारी, असा पदार्थ हवा. हे तिन्ही एकाच आकड्यात मोजायची पद्धत त्यांनी रूढ केली. तोच आजचा झेडटी.

१९५० मध्ये, सत्तरीत, राजकीय मोहिमेत त्यांना स्वतःच्याच संस्थेच्या संचालकपदावरून काढलं. ते थांबले नाहीत. छोट्या प्रयोगशाळेतून पुन्हा सुरुवात केली आणि १९५४ मध्ये तिचीच सेमीकंडक्टर संस्था झाली. त्याच काळात वीज न पोचलेल्या सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्यावर रेडिओ बोलू लागले. ऑक्टोबर १९६० मध्ये, ऐंशीला पंधरा दिवस कमी असताना, ते गेले.

किल्लारी हादरलं त्याच १९९३ साली अमेरिकेत हिक्स आणि ड्रेसेलहाउस यांनी गणिताने दाखवलं, की पदार्थ अतिपातळ केला तर झेडटी वाढू शकतो. कारण बँड स्ट्रक्चर, म्हणजे इलेक्ट्रॉनला कोणत्या ऊर्जेवर किती जागा मोकळ्या आहेत याचा नकाशा. जाड पदार्थात बँडच्या काठापासून या जागा हळूहळू वाढतात. पातळ थरात पायरीसारख्या एकदम वाढतात. त्यामुळे गरम आणि थंड इलेक्ट्रॉनांतला फरक ठळक होतो, व्होल्टेज वाढतं.

पण नुसतं पातळ असून भागत नाही. ग्राफीनला बँडगॅप नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांचा परिणाम खोडू शकतात. शिवाय त्यातून उष्णता भराभर निसटते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला गॅप आहे, व्होल्टेज चांगलं मिळतं, पण वीज ग्राफीनइतकी सहज वाहत नाही. म्हणजे इओफे यांचीच तारेवरची कसरत, फक्त अणूंच्या एका थरावर.

लोडशेडिंगमध्ये आजही कंदील लावला की त्याच्या काचेवरची उष्णता वाया जाताना दिसते, आणि इओफे आठवतात.